कौशल्य, नशीब आणि नाल

'पोकर हा जुगार नव्हे, तो कौशल्याचा खेळ आहे' हे वाक्य गेल्या काही वर्षांत इतक्या निरनिराळ्या तोंडांतून कानावर आले आहे की आता ते कोणी उच्चारले की पुढचे मला पाठ म्हणता येते. संभाव्यता, संयम, माणसे वाचण्याची कला, बुद्धिबळाशी तुलना, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. आमच्या स्टाफरूममध्येही ते आले. गणित विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने ते तावातावाने मांडले आणि भाषा विभागातल्या आम्हा मंडळींनी, अपेक्षेप्रमाणे, धर्मराजाचा दाखला देऊन नाके मुरडली. दोन्ही बाजूंचे समाधान झाले. माझे तेव्हा झाले होते. आज होत नाही, कारण मधल्या काळात मी त्या टेबलावर बसून आलो आहे.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटीत पाच आठवडे मी कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे भाच्याकडे होतो. आदल्या वर्षीच्या नोकरकपातीत त्याची नोकरी गेलेली. बहिणीला त्याने 'कन्सल्टिंग करतो' असे सांगितले होते. करत होता तो पोकर. मला मात्र पहिल्याच आठवड्यात त्याने खरे सांगितले आणि वर म्हणाला, "मामा, तुम्ही एकदा येऊन बघा. मग जुगार म्हणायचं तर म्हणा."

गेलो. चित्रपटांनी डोक्यात भरवलेले झुंबर, मखमल, धूर यांतले तिथे काही नव्हते. रेल्वेच्या प्रतीक्षालयासारखा उजळ, मोठा हॉल; मधोमध फळ्यावर टेबलांची नावे आणि थांबलेल्यांची आद्याक्षरे. सर्वांत स्वस्त टेबल एक-दोन डॉलरचे, म्हणजे पत्ते पाहण्यापूर्वीच दोन खेळाडूंनी आळीपाळीने लावायची सक्तीची रक्कम अनुक्रमे एक आणि दोन डॉलर. बसताना बहुतेक जण दोनशे डॉलरच्या चिप्स घेत. प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सर्वांचे मिळून पाच उघडे, आणि मध्ये चार वेळा लावालावी. नऊ माणसे. माझ्या डावीकडे एक निवृत्त व्हिएतनामी बसचालक, उजवीकडे रात्रपाळी संपवून आलेली फिलिपिनो परिचारिका, समोर हुडी घातलेली दोन पोरे आणि एक अतिवृद्ध गृहस्थ, जे तासाला जेमतेम एक डाव खेळत आणि बाकी वेळ आपल्या गुडघ्यांविषयी बोलत. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली मंडळी पाहायला मिळतील या तयारीने गेलेला मी थोडा ओशाळलोच. एखाद्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयात दुपारी जमणाऱ्या मंडळींपेक्षा ही फार निराळी नव्हती. त्या वृद्ध गृहस्थांना खेळापेक्षा टेबल हवे होते, आणि ते त्यांना दोनशे डॉलरमध्ये तीन-तीन संध्याकाळी पुरत असे.

आता कौशल्याविषयी. ते आहे, यात मला शंका उरलेली नाही. हातात बदामाचे दोन पत्ते आहेत, टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, म्हणजे 'फ्लॉप'मध्ये, आणखी दोन बदाम आले. पाचवा आला की हात होतो. न पाहिलेले पत्ते ४७, त्यांत बदाम नऊ. पुढच्याच पत्त्याला तो येण्याचा संभव शेकडा १९, उरलेल्या दोन्ही पत्त्यांत मिळून सुमारे ३५. समोरचा वीस डॉलर मागतो आहे आणि मध्ये चाळीस पडले आहेत. द्यावेत की पत्ते टाकावेत? याला उत्तर आहे, आणि ते उत्तर येणारा व न येणारा यांत वर्षाकाठी फरक पडतो. बसचालकाला हे आकडे ठाऊक नव्हते. त्याला माणसे ठाऊक होती. माझा चेहरा त्याने पहिल्या अर्ध्या तासात वाचून टाकला आणि मग पाच आठवडे तो त्यावरच जेवला म्हणा ना.

पण भाच्याने मला दाखवायला नेलेल्या गोष्टींपेक्षा डीलरचा डावा हात मला अधिक पाहण्यासारखा वाटला. फ्लॉप उघडला की तो हात मधल्या राशीतून पाच डॉलर उचली आणि टेबलातल्या फटीत टाकी. जॅकपॉटच्या नावाने आणखी दोन. डाव कोणीही जिंको, कौशल्याने जिंको वा नशिबाने, सात डॉलर खाली गेलेले असत. याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तिथे कळले. मराठीत याला 'नाल' म्हणतात आणि हा शब्द आपल्याकडे फक्त पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांत जिवंत उरला आहे. गावाबाहेरच्या शेडमध्ये तीन पत्तीच्या अड्ड्यावर घोंगडीचा मालक घेतो तीच ही नाल. वातानुकूलित हॉलमध्ये तिला 'फी' असे म्हणायचे, एवढेच.

हिशेब करून पाहा. तासाला तीसेक डाव. त्यांतले पाचेक फ्लॉपच्या आधीच आटोपतात. उरलेल्या पंचविसांचे १७५ डॉलर. नऊ जणांनी मिळून टेबलावर आणलेले १८००. कोणी नवे पैसे काढले नाहीत, तर सव्वादहा तासांत टेबलावर एकही चिप उरणार नाही. नऊ माणसे एकमेकांशी दहा तास कौशल्याने लढतील आणि सगळी हरतील. जिंकणारा एकच, जो पत्त्यांना हातही लावत नाही. शिवाय डाव जिंकला की डीलरला एक डॉलर बक्षिशी द्यायची. ती मला खुपत नाही. ती त्याच्या हातांची मजुरी आहे.

यातली खरी मेख पुढे आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने क्लबला राशीचा टक्का घेता येत नाही. आधी ठरवलेली ठोक रक्कम घ्यावी लागते. ऐकायला न्याय्य वाटते. परंतु चाळीस डॉलरच्या राशीतून सात गेले तर ते शेकडा साडेसतरा. हजाराच्या राशीतून तेवढेच गेले तर शेकडा एकही नाही. मोठ्या टेबलांवर तर पुष्कळदा अर्ध्या तासाचे भाडे तेवढे घेतात. म्हणजे ज्याच्यापाशी कमी, त्याला जागा महाग. (नेवाडात टक्का घेता येतो, कमाल दहा, आणि वर क्लबच डॉलरांची मर्यादा घालतात, तिथेही ओझे शेवटी लहान राशीवरच.)

हे वाचताना मला राहून राहून याज्ञवल्क्यस्मृती आठवत होती. आमच्या पिढीच्या एम. ए. ला धर्मशास्त्र कोणी शिकवले नाही, पण व्यवहाराध्यायातले द्यूतप्रकरण मी कधीतरी कुतूहलाने वाचले होते. मनूने द्यूत सरसकट निषिद्ध ठरवले. याज्ञवल्क्याने तसे केले नाही. त्याने विचारले, अड्डा चालवणाऱ्या 'सभिका'ने किती घ्यावे? शंभर किंवा त्याहून अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, त्याहून कमी जिंकणाऱ्याकडून शेकडा दहा. लहान जुगाऱ्याला दुप्पट दर! सॅन होजेच्या टेबलावरचे अर्थशास्त्र त्या दोन चरणांत आले आहे. बदल्यात सभिकाने राजाचा भाग द्यायचा आणि जिंकणाऱ्याला त्याचे पैसे वसूल करून द्यायचे. कौटिल्य तर याहून रोखठोक: द्यूताध्यक्षाने जिंकलेल्या द्रव्याचे शेकडा पाच घ्यावेत, फाश्यांचे भाडे निराळे, पाण्याचे आणि जागेचे निराळे. खेळ कौशल्याचा की दैवाचा, यावर कायद्याची इमारत उभी करावी असे यांच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. घेणारा कोण, किती घेतो, आणि त्याच्यावर कोणाची नजर आहे, एवढेच त्यांनी पाहिले.

आणि आपले सर्वोच्च न्यायालय? १९६७ सालच्या सत्यनारायण खटल्यात सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीविषयी न्यायालयाने म्हटले की रमीत कौशल्याचा भाग प्रधान आहे. हे अर्धे वचन गेली साठ वर्षे प्रत्येक क्लबमालकाच्या, आणि नंतर मोबाईलवर खेळ विकणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या जिभेवर आहे. त्याच निकालात पुढे म्हटले आहे की क्लबचा मालक पैसे लावून चाललेल्या रमीतून वा दुसऱ्या खेळातून नफा मिळवत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. हे उरलेले अर्धे कोण उद्धृत करतो? नंतरच्या निकालांत वाद रंगला तो पहिल्या अर्ध्यावरच. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर जुगार ठरवला. २०२४ मध्ये अलाहाबादने तो कौशल्याचा म्हटला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून ऑनलाईन पैशांचे खेळ बंद केले, कौशल्याचे असोत वा दैवाचे. निदान तो भेद तरी टाकून दिला म्हणावे, तर समोरासमोर बसून चालणारे खेळ त्या कायद्याच्या बाहेरच राहिले. मांडवीतल्या जहाजांचे कायद्यातले स्थान निराळेच. तिथे राज्याने आपला भाग ठरवून घेतलेला आहे. याज्ञवल्क्याला ते ओळखीचे वाटले असते.

आता आमच्या बाजूकडे, म्हणजे नाके मुरडणाऱ्यांकडे, वळतो. जुगाराविषयी आम्ही साहित्यवाले बोलतो तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर फक्त खेळणारा असतो. अक्षसूक्तातला रडणारा जुगारी, सभापर्वातला युधिष्ठिर. त्या खेळासाठी हजार खांबांची सभा धृतराष्ट्राने मुद्दाम बांधून घेतली होती, धन दुर्योधनाचे आणि फासे टाकणारा शकुनी होता, ही 'व्यवस्था' आम्ही कथेचा तपशील म्हणून ओलांडून जातो आणि धर्मराजाच्या दुर्बलतेवर तासिका घेतो. शूद्रकाने ही चूक केली नाही. 'मृच्छकटिका'च्या दुसऱ्या अंकात संवाहक दहा सुवर्ण हरून पळतो, ओस देवळात मूर्ती बनून उभा राहतो, आणि माथुर मुद्दाम त्याच्यासमोर डाव मांडून फाश्यांच्या आवाजाने त्याला मूर्तीतून बाहेर ओढतो. हा माथुर कोण? तोच सभिक. संवाहकाची हाव त्याला स्वतः संवाहकापेक्षा अधिक कळते. पण वर्गात आम्ही संवाहकाला हसतो, वसंतसेनेच्या कंकणाचे कौतुक करतो आणि माथुराला एक गौण पात्र म्हणून सोडून देतो.

निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने वही दाखवली. तो शिस्तीचा मुलगा आहे. चौदा महिने, १४६० तास, निव्वळ जिंकलेले ९३०० डॉलर. ताशी साडेसहाही नाहीत. त्या वर्षी कॅलिफोर्नियाचे किमान वेतन ताशी सोळा होते. मला वाटले तो हे सांगून थांबेल. तो म्हणाला, "अजून माझा स्टडी कमी पडतोय, मामा. लीक्स आहेत गेममध्ये." तो रोज दोन तास संगणकावर डाव सोडवत बसे. आपल्यात काय उणे आहे ते शोधत.

'कौशल्य' या शब्दाविषयी माझा राग हा आहे. नशिबाचा खेळ हरलेला माणूस नशिबाला शिव्या देऊन घरी जातो. कौशल्याचा खेळ हरलेला माणूस स्वतःला देतो आणि उद्या परत येतो. हे मला नवीन नव्हते. आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारे, सेट-नेट झालेले, पीएच.डी. झालेले लोक आहेत, दहा-दहा वर्षे त्यांना जागा मिळत नाही, आणि दर मुलाखतीनंतर ते मला विचारतात, "सर, माझं काय कमी पडलं?" जागाच निघालेल्या नसतात हे त्यांना ठाऊक असते. तरी विचारतात. स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिकांत हाच प्रश्न रात्री दोन वाजता जागा असतो. फॉर्मचे शुल्क, क्लासचे शुल्क, खोलीचे भाडे. नाल सगळीकडे आहे.

त्या रात्री मी त्याच्या वहीत नवा रकाना आखला. तो कमी डाव खेळतो, तेव्हा त्याच्या वाट्याची नाल टेबलाच्या सरासरीहून बरीच कमी, ताशी बारा डॉलर धरली. १४६० तासांचे १७,५२०. म्हणजे टेबलावरच्या इतर आठ जणांकडून त्याने खरोखर जिंकले होते जवळजवळ २६,८००, आणि त्यांतले दर तीन डॉलरपैकी दोन फटीत गेले होते. अभ्यास कुठे कमी पडला होता? पोरगे चांगले खेळत होते.

तो बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. पण असं कुणी लिहीत नाही."

त्याने खेळ सोडला का, असे वाचक विचारतील. नाही सोडला, नोकरी लागली आहे, शनिवारी जातो. बसचालकाने माझी चौकशी केल्याचे मध्यंतरी कळवले होते. रकाना मात्र चालू ठेवला आहे, आणि त्याच्या डोक्यावर रोमन लिपीत का होईना, 'नाल' हाच शब्द आहे. परवा फोनवर त्याने त्या आठवड्याचा आकडा सांगितला: जिंकले ८५, नाल ७०.