ओहोटीच्या वेळी

मुंबईस भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरी येणाऱ्या उतारूंस ओहोटीचा त्रास चांगला ठाऊक आहे. बंदरात गाळ साचलेला. पाणी फार उतरले म्हणजे लाँच धक्क्यास लागू शकत नाही आणि फेऱ्या बंद ठेवाव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये उरणास आगगाडी आली, त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. तथापि भरतीची वाट पाहत बसलेली माणसे धक्क्यावर आजही दिसतात. ती गाळाविषयी पुष्कळ बोलतात, व ते योग्यच आहे. परंतु समुद्रास पाणीच उरले नाही, असे मात्र त्यांपैकी कोणी म्हणत नाही.

परमेश्वरावरील विश्वासाच्या बाबतीत आम्ही इतके शहाणे नसतो. भाव ठेवला म्हणजे संकट येणार नाही, असा जणू एक करारच आपण देवाशी केला आहे, अशी कित्येकांची समजूत असते. मग विद्यार्थी विचारतो, “प्रार्थना करूनही नापास झालो, तर प्रार्थनेचा उपयोग काय?” आजारी लेकरापाशी बसलेली माता विचारते, “आम्ही कोणाचे काय वाईट केले?” हे प्रश्न अश्रद्धेचे म्हणून दडपून टाकणे आम्हांस मान्य नाही.

करंजासमोरील रेवस बंदराकडे निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली व ६०० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्या घटकेस त्यांच्यापैकी कोणी देवाला हाक मारली नसेल, असे म्हणण्याचे धैर्य कोणास होईल? अशा घरी जाऊन “देवाची इच्छा!” एवढे बोलून चहा पिऊन परतणारे समाचारकर्ते आम्ही पाहिले आहेत. ईयोबाचे मित्र त्यांच्याहून बरे. ते प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी मुकाट्याने बसले. त्यांची चूक झाली ती तोंड उघडल्यावर.

पवित्र शास्त्रात प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात पौलाच्या जलप्रवासाची हकीकत आहे. समुद्रकाठच्या मुलांनी ती अवश्य वाचावी. तारवात २७६ माणसे होती. कोणाचाही जीव जाणार नाही, असे अभिवचन पौलास मिळाले होते; तरी तारू फुटलेच. आणि अभिवचन मिळाले म्हणून पौल हात जोडून बसला नाही. खलाशी होडीतून पळू पाहत होते, ते त्याने शिपायांच्या ध्यानी आणून दिले. उपाशी लोकांस आग्रहाने जेवावयास लावले. शेवटी कोणी पोहत, तर कोणी फळ्यांच्या आधाराने, असे सर्व तीरास लागले. कोरड्या पायांनी कोणीच उतरले नाही.

आपल्या महाराष्ट्रात असे तारू कोणाचे फुटले असेल, तर ते पंडिता रमाबाईंचे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळात आईबाप व बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली पती गेले, तेव्हा पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे तरी सुख मिळाले म्हणावे, तर तेही नाही. १८८९ साली मुंबईस काढलेले शारदासदन पुण्यास आल्यावर धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा गहजब झाला आणि १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्यांचे काही हितचिंतकही दुरावले. तथापि १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावास आणल्या व तेथे मुक्तिसदन उभे राहिले. ज्या दुष्काळाने त्यांना पोरके केले होते, त्याच दुष्काळाच्या दारी त्या मुली शोधावयास गेल्या, हे आम्हांस फार मोठे वाटते.

पण खरी कसोटी पुढेच होती. साध्या बायाबापड्यांस समजेल असे बायबल मराठीत असावे, म्हणून उतारवयात त्यांनी मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून भाषांतर आरंभिले. कानांनी ऐकू येईनासे झाले होते. १९२१ साली, संस्थेचा भार जिच्यावर टाकावयाचा होता ती एकुलती एक मनोरमा वयाच्या ४० व्या वर्षी वारली. त्या दिवसांत बाईंच्या मनात काय चालले असेल, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. आम्ही त्यावर प्रवचन करणार नाही. आम्हांस दिसते ते एवढेच की, भाषांतराचे काम थांबले नाही.

५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली केडगावीच, संस्थेच्या छापखान्यात, छापून निघाला. त्याचे खिळे जुळविण्याचे काम सदनातील स्त्रियांनी केले होते.