डेल बरोबर होता

(स्पॉयलर आहेत. 'द वॉकिंग डेड' अजून बघायची असेल तर इथेच थांबा. पण मालिका संपून काही वर्षं झाली, त्यामुळे नंतर तक्रार चालणार नाही.)

विरार फास्टमध्ये आमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे. पत्त्यांचा कंटाळा आलाय, भजन आमच्याच्याने होत नाही, म्हणून आम्ही मालिकांवर भांडतो. ग्रुपमधल्या सगळ्यात लहान पोराने सध्या 'वॉकिंग डेड' पहिल्यापासून बघायला घेतलीय. त्यामुळे आमची जुनी भांडणं सगळी परत उकरून निघाली. ग्लेन त्या कचऱ्याच्या पेटीखाली सरपटून वाचला, ती प्रेक्षकांची फसवणूक होती की नाही? कॉमिकमध्ये शेवटपर्यंत जिवंत असलेल्या कार्लला मालिकेत मारायची काय गरज होती? निगनला माफी का? बोरिवली येईपर्यंत आवाज इतका चढतो की शेजारचे झोपलेले उठून बघतात.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत एएमसी वाहिनीवर २०१० ते २०२२ अशी १२ वर्षं, ११ सीझन आणि १७७ भाग चाललेली ही मालिका. एक पोलीस हॉस्पिटलमध्ये बेशुद्धीतून जागा होतो आणि बघतो तर जग संपलेलं. मेलेली माणसं उठून जिवंतांना खातायत. यांना झॉम्बी कोणी म्हणत नाही, 'वॉकर' म्हणतात. उरलेले मूठभर लोक जगायची धडपड करतात. बस, एवढंच.

आणि या मालिकेच्या चाहत्यांमधलं सगळ्यात जुनं, अजून न मिटलेलं भांडण म्हणजे 'शेन बरोबर होता.'

शेन म्हणजे नायक रिकचा जिवलग मित्र. त्याचं तत्त्वज्ञान सोपं: आधी आपली माणसं, बाकीचे गेले खड्ड्यात. दुसऱ्या सीझनमध्ये तो स्वतः निसटावा म्हणून सोबतच्या माणसाच्या पायात गोळी घालून त्याला वॉकरच्या तोंडी देतो. आणि आमच्या डब्यात आजही त्याला टाळ्या पडतात. "प्रॅक्टिकल माणूस होता. त्याचं ऐकलं असतं तर अर्धे लोक वाचले असते."

त्याच्या विरुद्ध टोकाला डेल. टोपी घातलेला म्हातारा, सारखा बोलणारा. रॅन्डल नावाचा एक पोरगा यांच्या हातात सापडतो. त्याची टोळी वाईट आहे, याला शेताचा पत्ता कळलाय, सोडला तर धोका. ठरतं, मारून टाकायचं. डेल एकेकाला गाठून विनवतो की या मुलाने अजून काही केलेलं नाही. तो काहीतरी करेल या भीतीपोटी त्याला मारलं तर आपण कोण राहिलो? कोणी ऐकत नाही. शेवटी बैठकीत एक अँड्रिया तेवढी त्याच्या बाजूने उभी राहते. आणि त्याच रात्री डेलला वॉकर फाडतो. चाहते म्हणाले, सुटलो, बडबड संपली.

मीही हेच म्हणायचो. दहा वर्षं डब्यात बसून शेनची वकिली केलीय मी. आज चारचौघांत सांगतो, मी चुकलो होतो. आणि हे मला मालिकेने नाही, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने शिकवलं.

येत्या रविवारी आमची सभा आहे. विषय क्रमांक ३: मागचं गेट कायमचं बंद करणे व तेथील नळ काढून टाकणे. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक चाळ आहे. तिथे पाण्याची बोंब. जुन्या कमिटीने कधीतरी मागच्या गेटजवळ एक नळ दिला, तो रोज सकाळी अर्धा तास चालतो. बायका येतात, हंडे भरतात, जातात. पोरं त्याच गेटने शाळेला शॉर्टकट मारतात. आता ग्रुपवर चार दिवस चर्चा चाललीय. "कोण येतं, कोण जातं, काही कंट्रोल नाही." "उद्या चोरी झाली तर जबाबदार कोण?" "आपल्यालाच पाणी पुरत नाही." आणि एकाने लिहिलं, "आधी आपण जगलो पाहिजे, मग समाजसेवा." त्याला २३ अंगठे आले.

हे वाक्य मी ओळखलं. हा शेन बोलतोय. फरक एवढाच की शेनच्या दारात खरोखरचे मुडदे होते. आमच्या दारात हंडा घेऊन उभी असलेली बाई आहे.

'शेन बरोबर होता' म्हणणाऱ्यांची गफलत नेमकी इथे आहे. मालिकेत मेकअप असतो. कुजलेला चेहरा दिसला की कळतं, हा वॉकर, याच्या डोक्यात सुरी घालायला हरकत नाही. खऱ्या आयुष्यात तो मेकअप कोणाच्याच चेहऱ्यावर नसतो, तो आपली भीती चढवते. आणि एकदा भीतीने चढवला की समोरचा माणूस दिसेनासा होतो.

आपल्याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० ला काय झालं ते आठवा. लॉकडाउन होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा होती, गावोगावी रात्रीची गस्त होती. सुरतला अंत्यविधीला निघालेल्या तिघांची गाडी गडचिंचल्याला अडवली आणि जमावाने त्या तिघांना ठार मारलं. पोलीस तिथे असताना. त्या रात्री प्रत्येकाला वाटत असणार की आपण आपलं गाव वाचवतोय. 'आधी आपली माणसं' हे तत्त्व टोकाला गेलं की तिथे पोचतं.

'ती खेडवळ माणसं, आपण शिकलेले' असं म्हणून सुटू नका. कारण आता माझं सांगतो.

त्याच वर्षी, मे महिन्यात. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहायची. मुंबईत एका हॉस्पिटलात ड्युटी. लोकल बंद, म्हणून अत्यावश्यक सेवेच्या एसटीने पहाटे जायची, रात्री यायची. लोक गॅलरीत येऊन थाळ्या वाजवून झाल्या होत्या. मग सोसायटीत कागद फिरला की रहिवाशांच्या आरोग्याचा विचार करता सदर भाडेकरूने अन्यत्र सोय करावी. मालकाला पाठवला. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे. आईचं वय ७४, मधुमेह, मी घाबरलो होतो. चार दिवसांनी ती दोन बॅगा घेऊन खाली उतरली. लिफ्ट वापरली नाही तिने, जिन्याने उतरली, कोणाला त्रास नको म्हणून. मी खिडकीच्या पडद्यामागे होतो. तिचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. सहा वर्षांत एकदाही लावला नाही.

गंमत म्हणजे ही गोष्ट मी आधीच पाहिली होती! चौथ्या सीझनमध्ये तुरुंगात साथ येते, दोन आजारी माणसांना वेगळं ठेवतात, आणि बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून कॅरल त्या दोघांना मारून जाळते. साथ थांबत नाही, ती तर आधीच आत पसरलेली असते. रिक कॅरलला हाकलतो. डब्यात मी म्हणालो होतो, "रिक मूर्ख आहे, कॅरलने योग्य केलं." मी कोणाला जाळलं नाही. पण एक सही केली. कोविड आमच्या बिल्डिंगमध्ये पुढच्या महिन्यात आलाच. नर्स जाऊन महिना झाला होता तेव्हा.

मालिकेचा सगळ्यात मोठा झटका काय होता? विषाणू चावण्यातून येतो असं वाटत असतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी रिक सांगतो की तो प्रत्येकाच्या अंगात आधीपासूनच आहे. कोणीही, कसाही मेला तरी उठणार. म्हणजे भिंत बांधा, गेट लावा, जे बाहेर ठेवायचं ते आतच आहे. रिकने हे लपवून ठेवलं ते बरोबर की चूक यावर लोक भांडले. पण त्याचा अर्थ काय यावर आमच्या डब्यात तरी कधी कोणी बोललं नाही.

आता विरारकरांना गेटचं राजकारण मी काय शिकवणार! प्लॅटफॉर्मवर असताना माणूस ओरडतो, "अरे आत सरका, मध्ये मोकळंय!" तोच एकदा आत शिरला की पुढच्या स्टेशनला ओरडतो, "कुठे येतोस, जागा नाही!" या दोन वाक्यांमध्ये नालासोपारा ते वसई एवढंच अंतर. विरार फास्टमध्ये चुकून चढलेल्या बोरिवलीवाल्याचं आपण काय करतो ते जगाला माहीत आहे. मीही दारात उभा राहून केलंय ते.

पण जरा मागे जाऊ. आपण इथे आलो कसे? माझे वडील गिरणी कामगार. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, लालबागची खोली विकली आणि आम्ही इथे आलो. तुमच्यातल्या निम्म्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असेल. मुंबईचं गेट आपल्या तोंडावर बंद झालं म्हणून आपण वसई-विरारकर. तेव्हा बिल्डिंगला नळ नव्हता. आई जवळच्या वाडीतल्या विहिरीवर जायची. वाडवळांचं घर. त्यांनी कधी विचारलं नाही, कोण तुम्ही, कुठल्या. पुढे आपल्यासारख्यांसाठी बावखलं बुजवून इमारती उठल्या, टँकरवाल्यांनी विहिरी उपसल्या, हरित वसईसाठी फादर दिब्रिटोंसारख्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. गावकऱ्यांच्या नजरेने बघा. टोळ्याटोळ्यांनी येणारे, संपतच नसलेले, सगळं खाऊन टाकणारे वॉकर कोण होते? आपण होतो. तरी त्या घराने विहिरीला कुंपण घातलं नाही.

आणि 'आपलं पाणी' म्हणजे नेमकं कुठलं? सूर्या योजनेतून वसई-विरारच्या वाट्याला रोज १८५ दशलक्ष लिटर मंजूर आहे. ते येतं धामणी धरणाकडून, याच जिल्ह्याच्या आदिवासी भागातून. शहरांकडे पाणी वळवायला तिथल्या शेतकऱ्यांनी, आदिवासींनी विरोध केला होता. त्यांचं ऐकलं गेलं असतं तर आमच्या टाकीत काय असतं? तेव्हा अर्ध्या तासाच्या नळावरून मालकीची भाषा जरा जपून.

समोरच्या बाजूचाही मुद्दा आहे, तो नाकारत नाही. पाणी खरंच कमी येतं. मे महिन्यात आम्हीही टँकर मागवतो. आणि मालिकेतही दार उघडल्याची किंमत अनेकदा जिवाने मोजावी लागते. पण हिशेब पूर्ण करा. आमच्याकडे रविवारी गाड्या पाईप लावून धुतात, टाकी भरून गच्चीवरून अर्धा-अर्धा तास वाहते, त्यावर सभेत विषय नाही. नळाला मीटर बसवा, वेळ ठरवा, चाळीने थोडी वर्गणी द्यावी असं बोलून बघा. सुरक्षा हवी तर वॉचमनची खुर्ची अर्धा तास मागे न्या. कुलूप हा पहिला उपाय कसा काय होतो?

आणि मालिका तरी शेवटी काय सांगते? ११ सीझन संपताना शेवटच्या भागात एक मोठं शहर आहे. वॉकर आत घुसलेत. गव्हर्नर बाई श्रीमंतांच्या वस्तीचं गेट लावून घेते, सामान्य लोक बाहेर जीव मुठीत धरून उभे. १७७ भाग, शेकडो मुडदे, आणि शेवटचा पेच काय, तर गेट उघडायचं की नाही. तिला अटक होते, गेट उघडतं. शेन दुसऱ्याच सीझनमध्ये संपला होता. जिंकला तो डेल, मरून दहा वर्षांनी.

ज्यांना अमेरिका लांब वाटते त्यांनी आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' बघावा. २६ जानेवारी २०२२ ला आला होता. डोंबिवलीतला टॉवर, शेजारची वस्ती, आणि मुळाशी पाणी. तेव्हा काहींनी नाक मुरडलं की झॉम्बीत सामाजिक संदेश कशाला घुसवता. अहो, घुसवला कुठे? आपल्याकडे झॉम्बी आले तर ते नळावरच भेटणार.

आमचा तरुण मित्र आत्ता दुसऱ्या सीझनच्या मध्यावर आहे. काल म्हणाला, "काका, तो म्हातारा फार पकवतो, मरतो का लवकर?" मी काही बोललो नाही. बघू दे त्याला.

रविवारी सकाळी साडेदहाला सभा आहे. विषय ३ ला माझा हात विरोधात वर जाईल, एकटाच असला तरी. त्याआधी आज रात्री एक फोन करायचाय, तो उचलला जाईल की नाही ठाऊक नाही. आमच्या सोसायटीतले जे हे वाचतायत त्यांनी ग्रुपवर अंगठा देऊन घरी बसू नये, सभेला यावं. माझ्याशी भांडा हवं तर. पण मागच्या गेटजवळून या. सकाळी सात ते साडेसात तिथे कोण उभं असतं ते आधी बघा, आणि मग मत द्या.