पुस्तकांचे कपाट

थोर विद्वानांच्या चरित्रांत एक प्रसंग वारंवार वाचायला मिळतो. लहानपणी किंवा तरुणपणी त्यांच्या हाती एखादे पुस्तक पडते आणि त्यांच्या आयुष्याची वाट बदलते. ते पुस्तक फार मोठे, फार गाजलेले असणार, असे आपल्याला वाटते. माझे मत वेगळे आहे. अशी पुस्तके बहुधा साधीच असतात. ती वेळेवर हाती पडणे, हेच महत्त्वाचे.

मायकेल फॅरेडेचे उदाहरण घ्या. हा लंडनमधील एका गरीब लोहाराचा मुलगा. इ. स. १८०५ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो एका पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणी शिकायला राहिला. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो फावल्या वेळात वाचत असे. त्यांत जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील पुस्तक होते. एक शिक्षिका आणि दोन मुली यांच्या संवादातून त्यात हा विषय समजावून सांगितला होता. बाईंनी सुरुवातीला पुस्तकावर आपले नावसुद्धा घातले नव्हते! फॅरेडेने ते नुसते वाचले नाही. परवडतील तेवढे छोटे प्रयोग करून त्यातील गोष्टी खऱ्या आहेत का, हे त्याने पडताळून पाहिले. मालकानेही त्याला अडवले नाही. पुढे फॅरेडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेव्हाही ते मार्सेटबाईंना विसरले नाहीत. आपले निबंध ते त्यांना कृतज्ञतेने पाठवीत.

आपल्या देशातील श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट मात्र अधिक विचार करायला लावणारी आहे. १९०३ च्या सुमारास कुंभकोणम येथे त्यांच्या हाती कार नावाच्या इंग्रज लेखकाचे गणिताचे पुस्तक आले. ते कॉलेजच्या ग्रंथालयातील होते. कार हे परीक्षेची तयारी करून घेणारे शिकवणीचे शिक्षक होते. त्यांच्या पुस्तकात सुमारे पाच हजार सूत्रे ओळीने दिली होती. सिद्धता मात्र फारशा नव्हत्याच. दुसरा एखादा मुलगा ते पाहून कंटाळला असता. रामानुजन एकेक सूत्र स्वतः सिद्ध करू लागले आणि त्यातून नवी सूत्रे शोधू लागले. कागद महाग, म्हणून ते पाटीवर गणिते सोडवीत आणि उत्तर तेवढे वहीत उतरवीत.

या पुस्तकाने त्यांचे नुकसानही केले, हे सांगितलेच पाहिजे. गणितापुढे इतर विषय मागे पडले. शिष्यवृत्ती गेली. कॉलेजच्या परीक्षेत ते नापास झाले. सिद्धता न लिहिण्याची सवयही त्यांना बहुधा याच पुस्तकाने लावली. १९१३ साली त्यांनी केंब्रिजच्या प्रा. हार्डी यांना पत्र पाठवले, तेव्हा त्यातही सूत्रेच भरलेली होती. मग हे पुस्तक त्यांना मिळाले, ते वाईट झाले का? मला तसे वाटत नाही. वाईट एवढेच झाले, की ते एकटेच मिळाले. त्याच्या शेजारी ठेवायला नव्या गणिताची आणखी चार पुस्तके असती आणि ती दाखवणारा कोणी असता, तर त्यांची कितीतरी वर्षे वाचली असती.

आता गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाहा. त्यांचे शाळेतील शिक्षण थोडेच झाले होते. घरची भाषा कोकणी. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी गौतम बुद्धांचे चरित्र वाचले आणि बुद्धांचा धर्म मुळातून शिकायचाच, असे ठरवले. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे फिरत, अन्नछत्रात जेवत, ते श्रीलंकेपर्यंत गेले आणि पाली भाषा शिकले. पुढे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातही काम केले. आणि सुरुवात कशाने झाली? मुलांच्या मासिकातील काही पानांनी. तीही घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेतील! तुमच्या घरी उर्दू आणि हातात हे मराठीचे पुस्तक, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता आपल्या शाळांकडे वळू. पुष्कळ शाळांत पुस्तकांचे एक कपाट असते आणि त्याला कुलूप असते. ‘मुले पुस्तके फाडतात, हरवतात’, असे त्याचे कारण सांगतात. ते खोटे नाही. वर्षअखेरीस पुस्तके मोजून द्यावी लागतात, ही शिक्षकांची अडचणही खरी आहे. पण कपाटातील कोणते पुस्तक कोणत्या मुलाचे आहे, हे कुलूप लावणाऱ्याला कळत नाही. हुशार मुलांनाच पुस्तके द्यावीत, हेही मला पटत नाही. फॅरेडेला हुशार कोणी म्हटले असते? आठवड्यातून एक तास तरी कपाट उघडे ठेवावे. मुलांना पुस्तके चाळू द्यावीत, नको ती परत ठेवू द्यावीत. उर्दू, मराठी, इंग्रजी सगळी एकाच फळीवर असावीत. आणि फाटलेली पुस्तके चिकटवण्याचे, शिवण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. फॅरेडे तेच काम करीत होता.