घर आणि अंगण

गेल्या वैशाखांत आमच्या चिरंजीवांनीं सबंध अंगणास सिमेंटची फरसबंदी करण्याचा घाट घातला. हेतु चांगलाच होता. पावसाळ्यांत माझा पाय घसरूं नये. परंतु मी पडलों जुना मास्तर. पाटी घेऊन मीं हिशेब मांडला. हजार चौरस फूट अंगणावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें २,३६० लिटर पाणी होतें. तें आम्ही गटारांत सोडणार आणि उन्हाळ्यांत आडाचा तळ पाहत बसणार! शिवाय अंगणांतील पारिजातक माझ्या कुटुंबाच्या हातचा. ती आज नाहीं. माती झांकली तर त्याच्या मुळांस हवा व पाणी कोठून मिळावें?

अखेर तोड निघाली. दारापासून आडापर्यंत खडबडीत फरशीची पायवाट, सांधे वाळूचे. उतार जोत्यापासून बाहेर, ५० फुटांस १ फूट. पारिजातकाभोंवती माती मोकळी. न्हाणीच्या पाण्यावर केळी आहेतच.

वाचकहो, अंगणाची आंखणी करण्यापूर्वी घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान माणसास अवश्य विचारावें. आमच्या नातीनें चिखल करण्यापुरती जागा मागितली. तीहि राखून ठेविली आहे.