मधुमेहींची मूत्रपिंडे: प्रश्न डायलिसिसच्या आधीचा

मुंबई, प्रतिनिधी -

मधुमेही रुग्णाची मूत्रपिंडे निकामी झाली, की सरकारी योजना त्याच्या मदतीला येतात. २०१६च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळते. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. ही मदत आवश्यकच आहे. मात्र, ती पोहोचते तेव्हा आजार रोखण्याची संधी देणारी अनेक वर्षे वाया गेलेली असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. साधारणपणे तीनपैकी एका मधुमेहीला मूत्रपिंडाचा विकार जडतो. वाढलेली साखर आणि रक्तदाब यांमुळे मूत्रपिंडातील गाळणी सैल होते व अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीतून जाऊ लागते. या टप्प्यावर कोणताही त्रास जाणवत नाही. रक्तातील क्रिएटिनिन तर बहुधा निम्मी क्षमता गेल्यावरच वाढलेले दिसते. त्यामुळे केवळ 'क्रिएटिनिन नॉर्मल' या शेऱ्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण मात्र हा विकार लवकर दाखवते. ते पुन्हा पुन्हा ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास तो धोक्याचा इशारा समजतात. टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर ही चाचणी दरवर्षी व्हायला हवी.

उपचारही आता हाताशी आहेत. लोसार्टनचा उपयोग २००१मध्येच सिद्ध झाला. २०१९मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर परिणामांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याच गटातील डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२०मध्ये, तर एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५मध्ये संपले. त्यानंतर स्वस्त जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या. अर्थात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या आहेत.

आठवड्यातून सहसा तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राशी बांधलेल्या रुग्णाचा रोजगार बुडतो. सोबत येणाऱ्या नातेवाइकाचीही तीच गत होते. मोफत डायलिसिस हा खर्च भरून काढू शकत नाही. तिशीनंतरच्या नागरिकांची साखर तपासण्याची मोहीम देशात सुरू आहेच. तिच्यात मधुमेही ठरलेल्या प्रत्येकाच्या लघवीची तपासणी दरवर्षी झाली, तर डायलिसिस केंद्रांपुढील रांग आखूड करता येईल. केवळ यंत्रांची संख्या वाढवून ती आखूड होणार नाही.