सावित्री आणि वाशिष्ठीच्या मधली भारजा

मंडणगड तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावून केळशीला समुद्राला मिळणारी भारजा शाळेच्या नकाशात सहसा सापडत नाही. तिच्या उत्तरेला सावित्री, दक्षिणेला वाशिष्ठी. त्या दोघी सह्याद्रीच्या कण्यावरून येतात. वाशिष्ठीला तर कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी बारमाही मिळतं. भारजेच्या वाट्याला फक्त तिच्या डोंगरांवर पडेल तेवढा पाऊस. मला ही नदी महत्त्वाची वाटते ती त्यामुळेच. एवढ्या आखूड नदीत वर केलेलं खाली दिसायला पिढी जावी लागत नाही.

पाऊस कमी नाही, तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पण चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून समुद्रात जातो. मागे उरतं ते मुरलेलं पाणी. माथ्यावर जांभा, खाली काळा कातळ. जांभ्यातून झिरपलेलं पाणी झऱ्यांनी बाहेर पडतं आणि त्यावर नदीचे डोह टिकतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खासगी मालकीचं आहे. ते लाकडासाठी सरसकट तोडलं, की उतारावरची माती पहिल्या पावसातच सुटते आणि डोह भरतात.

डोह भरले तर मासे कुठे राहणार? मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे खालून वर निघतात, ओढ्यांत, पऱ्यांत, थेट भाताच्या खाचरांत शिरून अंडी घालतात. कोकणात या वलगणीची वाट वर्षभर पाहिली जाते. गाभोळीनं भरलेले मासे याच दिवसांत सर्वांत सहज हाती लागतात आणि नेमके याच दिवसांत ते सोडून द्यायला हवेत, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. अहिराचा प्रवास उलटा. तो गोड्या पाण्यात वाढतो, अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची पिल्लं पुन्हा नदी चढतात. नदी मधेच कोरडी पडली तर त्यांना दुसरी वाट नाही.

खाली भरतीचं पाणी आत शिरतं तिथून खाडी सुरू होते. चिखलात कांदळवन, त्याच्या मुळांशी कोळंबीची आणि खेकड्यांची पिल्लं. पलीकडे मुखाशी वाळूची एक प्रसिद्ध टेकडी.

या टेकडीकडे जगाचं लक्ष वेधलं ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी. वाळूच्या थरांमध्ये त्यांना माणसाच्या वस्तीच्या खुणा दबलेल्या दिसल्या, आणि समुद्र एकाएकी आत घुसून ही वाळू टाकून गेला असावा, असं त्यांनी मांडलं. समुद्राच्या अशाच विचित्र वागण्याची एक पोर्तुगीज नोंदही आहे. 1524 च्या सप्टेंबरात वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ आलं असताना वारा नसतानाही समुद्र हादरू लागला. समुद्र आपल्याला भिऊन कापतो आहे, असं त्यानं घाबरलेल्या माणसांना सांगितल्याचं पोर्तुगीज इतिहासकार लिहितात. दाभोळ केळशीहून फार लांब नाही. मोठ्या वादळाच्या लाटाही वाळू आणू शकतात, तेव्हा या दोन गोष्टी जोडताना घाई नको. पण तपासायला थर शिल्लक तर हवेत! सागरी महामार्गावरच्या पुलाच्या निमित्तानं या टेकडीला धक्का बसला, तेव्हा रस्त्याची गरज सगळ्यांना कळत होती, टेकडीची फार थोड्यांना.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि केळशी, आंजर्ल्यापर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माड लावला तर फळायला निदान पाच-सहा वर्षं लागतात. अशा किनाऱ्यावर मर्यादवेलीनं धरून ठेवलेली वाळू आणि खाडीतलं कांदळवन हाच लाटांपुढचा पहिला बांध असतो. त्याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. शेजारच्या वेळासला 2002 पासून त्यांच्या घरट्यांची राखण सुरू झाली. आज गावातली पोरं पाहुण्यांना पिल्लं दाखवतात, घरोघरी त्यांच्या जेवणाची सोय होते.

नदीसाठी अशी राखण का होऊ नये? वरच्या अंगाला झऱ्यांच्या माथ्यावरचं रान तोडायचं नाही, एवढं मंडणगडच्या गावांनी ठरवावं, आणि न तोडणाऱ्या मालकाला त्याचा मोबदला सरकारनं द्यावा. रान ज्याचं आहे त्यालाही घर चालवायचं असतं.