सांगलीत हळद नेणारा माणूस

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमधून थेट स्वारगेट आणि तिथून सांगलीची गाडी. खंबाटकी ओलांडेपर्यंत बॉसचे फोन, साताऱ्यात कंदी पेढ्यांची खरेदी आणि कराड येईपर्यंत पाय इतके सुजलेले, की बूट काढून बसलो. दिवसभर खुर्ची आणि वर पाच तास सीट. तुमचंही असंच होतं ना?

बॅगेत यावेळी बाबांसाठी खास गिफ्ट होतं. पुण्यातल्या एका मॉलमधून घेतलेली हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल्सची बाटली. वर लिहिलेलं, ‘रक्ताभिसरण सुधारते, शंभर टक्के नैसर्गिक’. आईने बाटली उलटीपालटी केली आणि म्हणाली, “अरे, सांगलीत हळद घेऊन आलास व्हय?”

खरंच की! वाई-कराडपासून कृष्णाकाठची हळद ज्या बाजारात येते, हरिपूरच्या पेवांत जिची पोती वर्षानुवर्षं साठवली गेली, जिला २०१८मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या गावात मी कॅप्सूलमधून हळद आणली होती! पण आईचा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. “डॉक्टरांना विचारलंस का?”

बाबांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून ते रोज वॉरफरिनची गोळी घेतात आणि ठरलेल्या दिवशी आयएनआर तपासतात. हा आकडा खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. मी म्हणालो, “अगं, हळदच तर आहे!” तरी सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “बाटली उघडू नका.”

मग समजून घेतलं. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत करक्युमिन असतं साधारण १०० मिलिग्रॅम. एका कॅप्सूलमध्ये ५००. म्हणजे एका घोटात पाच चमचे! शिवाय आमच्या बाटलीत मिरीचा अर्कही होता. १९९८मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतल्या पायपरीनमुळे करक्युमिन रक्तात वीसपट उतरतं. कारण पायपरीन शरीराची अशी द्रव्यं मोडून बाहेर टाकण्याची यंत्रणा मंदावतं. आणि ही यंत्रणा इतर औषधांचाही निचरा करत असते, बरं का! २०१८मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने, मेडसेफने, एका रुग्णाची हकिकत कळवली होती. वॉरफरिनवर उत्तम चाललेलं, हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि आयएनआर गेला १०च्या वर. एरवी तो बहुतेकांचा २ ते ३मध्ये ठेवतात.

म्हणजे आमटीतली हळद बंद करायची का? मुळीच नाही. स्वयंपाकातली चिमूट वेगळी आणि कॅप्सूल वेगळी. लसूण, गिंको यांच्या कॅप्सूल्सचंही तेच. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका. झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी, हा आपला गोड गैरसमज. गुण असेल तर परिणाम असणारच.

आणि माझ्या सुजलेल्या पायांचं काय? त्याला कॅप्सूल लागतच नाही. पायातलं रक्त वर ढकलतात पोटरीचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. आपण बसून राहिलो की हा पंपही बसतो. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने उठा, फोनवर बोलताना चाला, जिना चढा. गाडीत टाचा वर-खाली करत राहा, साताऱ्याला खाली उतरा. मात्र एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल किंवा अचानक दम लागला, तर घरगुती उपाय नकोत. तडक डॉक्टर गाठा.

रविवारी सकाळी बाबांबरोबर हरिपूरच्या रस्त्याला चालायला गेलो. दहा मिनिटांत मला धाप लागली, त्यांना नाही. संगमाशी टेकल्यावर त्यांनी बाटलीची किंमत विचारली. मी सांगितली. बराच वेळ कृष्णेकडे बघत राहिले आणि म्हणाले, “एवढ्यात वर्षाची हळद आली असती रे, दळून.”